वर्गातलं दुखणं घरी नको

पहिलीच्या वर्गावर असलेल्या बाईला सर्दी होणं ही काही बातमी नसते. मुलं सहा वर्षांची असतात. त्यांना नाक असतं आणि त्या नाकाचं काय करायचं हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नसतं. बोलायचं झालं की ती अंगावर येऊनच बोलतात. ‘मॅडम, बघा’ म्हणत पाटी तोंडासमोर धरतात आणि पाटीच्या वरून बरोब्बर आपल्या चेहऱ्यावर शिंकतात. नोकरीची कितीतरी वर्षं मी हे विनातक्रार घेतलं. गालफुगी, खरूज, आलेले डोळे, जे वर्गात आलं ते मला झालं. डोळे आले तेव्हा काळा चष्मा लावून मी पोषण आहाराची खिचडी वाटत होते आणि मुलं म्हणत होती, ‘मॅडम हिरोईनवानी दिसत्यात.’ असल्या गोष्टी मी बाकीच्या शिक्षकांना हसत सांगायचे.

मग माझ्या मिस्टरांची किडनी बदलली आणि त्यातलं हसणं संपलं.

मिस्टर म्हणजे नवरा. आमच्याकडे शाळेतल्या बायका नवऱ्याला असंच म्हणतात, मीही म्हणते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराजवळ त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी बैल विकायला आलेला माणूस आधी आमच्या बाकावर टेकायचा, चहा घ्यायचा आणि मग बाजारात शिरायचा. पेंड विकण्यापेक्षा मिस्टरांना माणसं अडवून बोलत बसण्याची हौस जास्त. रक्तदाबाकडे दुर्लक्ष केलं, ते किडन्यांवर गेलं. शेवटी त्यांच्या थोरल्या बहिणीनं आपली एक किडनी दिली आणि माणूस घरी आला.

घरी सोडताना नगरच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. नवी किडनी शरीराला परकी वाटते, ते तिला बाहेर काढायला बघतं. तसं होऊ नये म्हणून शरीराची आजाराशी लढायची ताकदच औषधांनी कमी करून ठेवायची, आणि ती औषधं जन्मभर. त्यामुळे दुसऱ्याची साधी सर्दी यांच्या बाबतीत साधी राहणार नाही. मग त्यांनी मला विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ मी म्हणाले, शिक्षिका आहे. ‘कितवीला?’ पहिलीला म्हटल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बदली होत नाही का, असंही विचारून पाहिलं. मी म्हणाले, डॉक्टर, बदली झाली तरी तिथंही मुलंच असणार. नोकरी सोडण्याचा प्रश्न नव्हता, औषधं माझ्या पगारावर चालणार होती. ‘मग एवढंच करा,’ ते म्हणाले, ‘वर्गातलं दुखणं घरी नेऊ नका.’

त्या वाक्यावर मी पुढची दोन वर्षं काढली.

शाळेच्या खिडक्या थंडीत बंद ठेवायची आमच्याकडे पद्धत. मी त्या उघडल्या, दार उघडं ठेवलं, मुलांना स्वेटर घालून बसवलं. बसकरपट्ट्या भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब लांब टाकल्या. खिचडीच्या आधी साबणानं हात धुवायची रांग लावली आणि स्वतः नळाशी उभी राहिले. खोकला आला की तोंड कोपरात खुपसायचं, हे शिकवायला मला एक आठवडा लागला. त्यांना तो खेळच वाटला, काही जण खोकला नसतानाही कोपरात तोंड घालून बसायचे. थुंकीनं पाटी पुसणं बंद केलं, प्रत्येकाला ओलं फडकं दिलं. वाढदिवसाचं चॉकलेट मी हातात घ्यायची नाही, टेबलावर ठेवायला सांगायची. पाया पडायला वाकलेल्या मुलाला लांबूनच ‘मोठा हो’ म्हणायची. दरवर्षी फ्लूची लस मी स्वतः टोचून घ्यायचे. करोना जाऊन बराच काळ लोटला होता, सगळ्यांनी मास्क कधीच फेकून दिले होते. गावात मास्क लावून फिरणारी मी एकटीच, त्यामुळे मास्कवाल्या मॅडम म्हणून मला लांबच्या वस्तीवरची माणसंही ओळखायला लागली.

आजारी पोरं घरी ठेवा, असं मी पालकांच्या ग्रुपवर लिहायचे. सगळे जण हात जोडल्याची खूण पाठवायचे आणि सकाळी पोरगं नाक वाहत हजर. त्यांचंही बरोबर होतं. आईबाप दोघं कांदा काढायला गेल्यावर तापलेलं पोर घरी ठेवायचं कोणापाशी? निदान शाळेत दुपारी गरम खिचडी मिळते. मग मी अशा मुलाला परत पाठवायचं सोडलं. खिडकीपाशी त्याची वेगळी पट्टी टाकायची, उन्हात बसवायचं, आणि त्याला ती शिक्षा वाटू नये म्हणून त्या जागेला मी मॉनिटरची जागा म्हणायचे. पुढे पुढे धडधाकट पोरं खोटं खोकायला लागली.

एक गोष्ट मात्र मनाला लागायची. पहिलीच्या मुलाला अक्षर शिकवायचं म्हणजे त्याच्या मागे बसून, त्याचा हात आपल्या हातात धरून गिरवायचं. मी तशीच शिकवत आले होते. हातातला तो घट्ट धरलेला चिमुकला हात हळूहळू सैल होतो, मग आपोआप वळायला लागतो, तेव्हा कळतं की अक्षर आलं. तेच मी बंद केलं. फरशीवर खडूनं मोठी अक्षरं काढायची आणि मुलांना त्यावर चिंचोके मांडायला लावायचे. अक्षरं येत होती, त्यात कमी पडलं नाही. पण मुलं मला चिकटायची थांबली होती. एकदा मुख्याध्यापक दारातून बघत राहिले आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही पोरांना शिकवता का पोरांपासून पळता?’ ते चेष्टेत म्हणाले होते. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

घरी पोहोचले की मागच्या दारानं आत. मोरीत आंघोळ, शाळेची साडी तिथंच बादलीत, मग पुढच्या खोलीत पाऊल. मिस्टर तोवर आतून ओरडत असायचे, ‘झालं का तुमचं सोवळं?’ दिवसभर बोलायला कोणी नसायचं त्यांना. दुकान चुलतभावाकडे दिलेलं, बाजार बंद, लग्नं बंद. मला शाळेतली एकेक गोष्ट विचारायचे. कोण पडलं, कोण रडलं, कोणी कोणाची पेन्सिल चोरली. आमच्या वर्गातली सगळी मुलं त्यांना स्वभावासकट माहीत होती, पण त्यातलं एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. दोन वर्षांत वर्गातून एक शिंकसुद्धा माझ्याबरोबर घरी आली नाही. याचा मला गर्व होता. आजही आहे.

मुलं आठवड्यात शिकली. मोठ्या माणसांनी मात्र शेवटपर्यंत दाद दिली नाही.

आजारी माणसाला भेटायला जाणं आमच्याकडे चुकवता येत नाही. कोणी आलं नाही तर ते पुढच्या पिढीपर्यंत लक्षात ठेवलं जातं. त्यामुळे बिस्किटचे पुडे आणि केळी घेऊन माणसं येतच राहायची. मी दाराशी मास्क ठेवले, ते हनुवटीला लावून आत यायचे. खुर्च्या लांब मांडल्या, तर खुर्ची सरकवत सरकवत पलंगाला भिडवायचे. भेटायला आलेल्यानं लांब बसणं म्हणजे आजाऱ्याचा विटाळ मानल्यासारखं वाटतं त्यांना. मग पाठीवरून हात फिरवायचा, हात हातात घ्यायचा, तोंडाजवळ तोंड नेऊन ‘आता कसं वाटतंय’ विचारायचं. मी बोलले की बाहेर जाऊन म्हणायचे, ‘भिंगारची हाय ना, लई शिकल्याली.’ माझं माहेर नगरला लागून असलेलं भिंगार, त्याचं असं निघायचं.

आणि मामा. मिस्टरांचे वडील लहानपणीच गेले. सोनईच्या मामांनी ह्यांना खांद्यावर खेळवलं, शिकवलं, दुकान टाकून दिलं, आमचं लग्नही त्यांनीच लावलं. ते आता ऐंशीच्या घरात होते. दर पंधरवड्याला एसटीनं यायचे, पलंगावर भाच्याला चिकटून बसायचे आणि एका ताटलीत दोघं खायचे. मी कितीदा ताटल्या वेगळ्या केल्या. ते म्हणायचे, ‘सूनबाई, याला मी चाऊन चाऊन घास भरवलेत. माझ्या तोंडचं याला काय हुतंय?’

त्या वर्षी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मला हायसं वाटलं. वर्ग बंद, म्हणजे काळजी बंद, असं मी धरून चालले. माझी सगळी पहाऱ्याची तयारी शाळेच्या दिशेनं होती.

भाऊबीज झाल्यावर मामा फराळाला आले. खोकत होते, घशातून खरखर ऐकू येत होती. मी दारातच म्हणाले, ‘मामा, आज बाहेर ओट्यावरच बसा. मी खुर्ची आणते, हे आतून बोलतील.’ मामांनी माझ्याकडे पाहिलं, हातातली पिशवी ओट्यावर ठेवली आणि वळून चालायला लागले. मी मागे धावले, हात जोडले, चहा तरी घ्या म्हणाले. ‘माज्या लेकराच्या दारातून मला परत पाठीवलं,’ एवढंच ते म्हणाले आणि स्टँडवर जाऊन बसले.

मिस्टर आतून सगळं ऐकत होते. दोन वर्षांत ते माझ्यावर कधी चिडले नव्हते, त्या दिवशी चिडले. जेवले नाहीत. ‘तुला मला जित्तं ठेवायचंय,’ ते म्हणाले, ‘पन कशासाठी, ते तरी सांग.’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला. मामाचा रुसवा काढायला सोनईला जायचं, मी आले तर माझ्याबरोबर, नाही तर एकटं. मी गाडीच्या काचा उघड्या ठेवायला लावल्या आणि बरोबर गेले.

मामा घरी दाराकडे पाठ करून बसले होते. मग मिस्टर खाली वाकले, पाया पडले, आणि म्हाताऱ्यानं त्यांना उठवून छातीशी धरलं. दोघं रडले, मग हसले, मग घरातली सगळीच हसायला लागली. रुसवा निघाला की तोंड गोड करायचं असतं. मामींनी बेसनाच्या लाडवांची ताटली आणली. मामांनी एक लाडू उचलला, अर्धा स्वतः खाल्ला, मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली, ती ओसरल्यावर उरलेला अर्धा त्यांनी भाच्याच्या तोंडात घातला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एवढी माणसं आनंदात असताना त्या अर्ध्या लाडवावर मी काय बोलणार होते? मिस्टरांनी माझ्याकडे बघत तो सावकाश खाल्ला. मला अजून वाटतं, त्यांना कळत होतं.

शाळा उघडायच्या आत ताप आला. आधी सर्दी, मग छाती भरली. नगरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा बोलताना धाप लागत होती. तिथल्या नव्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘मिसेस लहान मुलांच्या शाळेवर आहेत ना?’ मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवून पुढचं लिहिलं. कुठून लागलं ते नक्की सांगता येत नाही, असंही ते नंतर म्हणाले, पण ते ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना उत्तर मिळालं होतं. चुलतसासूबाई मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘शाळेतनंच आलं बघ. पोरांचं काय खरं नसतं.’ मामा त्यांच्या शेजारीच बाकावर बसले होते, रुमालात खोकत.

आत गेले तेव्हा मिस्टरांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. मी तो परत लावायला गेले तर माझा हात धरून ठेवला. ‘मामाला काय बोलू नको,’ ते म्हणाले. ‘म्हातारा मरंल.’ मी मान हलवली. त्यानंतर ते माझ्याशी नीट बोलू शकले नाहीत. त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं आणि दोन-तीन दिवसांत ते गेले.

दहाव्याला मामांना दोघांनी धरून आणलं. ते सगळ्यांसमोर छाती पिटत म्हणाले, ‘शाळंतल्या पोरांनी घात केला माज्या लेकराचा.’ आजूबाजूच्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. मी खाली बघत बसले. मला त्यांचा संताप आला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदमच, आणि दोन्हीचं काही करता येत नव्हतं. ताप आला तेव्हा शाळा बंद होती, एवढं साधं गणित तिथल्या एकालाही सुचू नये? पण सुचलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मी मिस्टरांना मान हलवून शब्द दिला होता, म्हणून गप्प राहिले.

रजा संपवून मी शाळेत गेले तेव्हा कडाक्याची थंडी पडली होती. वर्गात शिरले आणि मुलं उभी राहिली नाहीत. ती भिंतीला टेकून दाटीवाटीनं बसली होती, माझ्या खुर्चीभोवती कोणीच नव्हतं. नेहमी मी ओरडून ओरडून लांब बसवायची, आज न सांगता लांब होती. एकही जण पाटी घेऊन उठेना. मला वाटलं, मॅडमच्या घरी माणूस गेलंय म्हणून कोणी तरी गप्प राहायला सांगितलं असेल. आवाज न करता मी फळ्यावर तारीख लिहिली.

वळून बघते तर दारात एक मुलगी उभी. आमच्या वर्गातलीच, वस्तीवरून चालत येणारी, नेहमी उशिरा पोहोचणारी. दोन्ही हातांनी तिनं तोंड आणि नाक गच्च दाबून धरलं होतं. डोळे पाण्यानं भरले होते. मी म्हणाले, आत ये. तिनं नाही म्हणून मान हलवली. मी जवळ गेले तशी ती मागे सरली.

‘मला सर्दी हाय,’ ती हाताआडून म्हणाली.

‘असू दे, ये.’

‘न्हाई. आजी म्हनली, मॅडमजवळ जाऊ नको. तुमा पोरांमुळंच तेंच्या घरचं मानूस गेलं.’

मी मागे वळून वर्गाकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते, काहींनी कोपर तोंडाला लावलं होतं. हे त्या सगळ्यांना माहीत होतं. सहा-सहा वर्षांची ती पोरं गेले कित्येक दिवस घराघरातून हे ऐकत आली होती आणि आज मी येणार म्हणून भिंतीला टेकून बसली होती. दहाव्याला मी खाली मान घालून बसले होते, तेव्हा या मुलांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मी तिथंच उंबऱ्यावर, त्या मुलीच्या समोर खाली बसले.

‘दिवाळीच्या सुट्टीत कोण कोण कुठं गेलं होतं?’ मी मोठ्यानं विचारलं.

मग मागून एकजण म्हणाला, ‘मामाच्या गावाला.’ दुसरा म्हणाला, ‘आमीबी.’ मग कोणी नेवाशाला, कोणी पाथर्डीला, कोणी नुसतंच मामाच्या गावाला.

‘म्हणजे शाळेत कोणी होतं का?’

‘न्हाई.’

‘आमच्या घरी आजार आला तो तेव्हाच आला. शाळेला कुलूप होतं. मी तुमच्यातल्या एकालाही भेटले नव्हते. मग तो तुमच्यामुळं कसा येईल?’

दारातल्या मुलीनं हात थोडे सैल केले. तिला हे तपासून बघायचं होतं. ‘मग तुमचे सर कुठं गेल्ते?’ तिनं विचारलं. माझ्या नवऱ्याला मुलं सर म्हणायची, मॅडमचे म्हणून.

मुलं वाट बघत होती.

‘तेही मामाच्या गावाला गेले होते,’ मी म्हणाले.

वर्गाचं समाधान झालं. मामाच्या गावाला जाऊन कोणी आजारी पडतं, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. माझ्या बोलण्याचा अर्थ त्यांनी काय लावला कोणास ठाऊक, पण मुलीनं तोंडावरचे हात काढले आणि माझ्या अंगाला घासून आत गेली. थोड्या वेळानं पहिली पाटी माझ्यासमोर आली. नवऱ्याला दिलेला शब्द मी त्या दिवशी पाळला की मोडला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या मुलांनी घरी जाऊन काय सांगितलं तेही मी विचारलं नाही.

तालुक्याच्या प्रशिक्षणात नोकरीला नव्या लागलेल्या मुली भेटतात. कोणाचं घरी तान्हं बाळ असतं, कोणाची सासू अंथरुणाला खिळलेली असते. पहिलीच्या पोरांपासून कसं जपायचं, हे त्या मला विचारतात, कारण माझं नाव झालंय. मी सगळं सांगते. खिडक्या, साबण, कोपर, लस, आल्या आल्या आंघोळ. याचा उपयोग होतो, खात्रीनं होतो. माझ्या वर्गातून दोन वर्षांत काही घरी आलं नाही, हे मी त्यांना जोर देऊन सांगते. पुढचं त्या विचारत नाहीत.

त्या मुलीची सर्दी मला दोन दिवसांनी लागली. शाळेतून आले आणि पुढच्या दारानंच आत गेले, साडी न बदलता पलंगावर बसले. अंग दुखत होतं, नाक वाहायला लागलं होतं. मी तोंडावर हात न धरता शिंकले, मग पुन्हा शिंकले. घरात ज्याला ती लागेल असं कोणी नव्हतं.